शिणाण्याचं प्रथिन कुठे तोडायचं?

रत्नागिरी-मालवणच्या खडपांवरून काढलेल्या शिणाण्यात, म्हणजे खडकाला चिकटून राहणाऱ्या हिरव्या शिंपल्यात, सूज उतरवणारं औषध तयार बसलेलं नसतं. त्याच्या मांसात असतात लांबलचक प्रथिनं. ती तोडली की दोन ते वीस अमिनो आम्लांचे तुकडे, म्हणजे पेप्टाइड, सुटतात आणि त्यांतले काही मोजकेच पेशींमधली सुजेची साखळी मंदावतात. त्यामुळे इथे सगळी मदार तोडणीवर आहे.

ओल्या मांसात साधारण 80 टक्के पाणी आणि 10 ते 12 टक्के प्रथिन असतं. अंडी सोडून झालेला शिणाणा पाणचट होतो, त्यातून कमी मिळतं. खडकाला धरून ठेवणारे धागे काढून मांस वाटायचं, किलोला 2 लिटर पाणी घालायचं आणि 85-90 अंशांवर 15 मिनिटं तापवायचं. ही पायरी गाळली तर शिणाण्याच्या पोटातलीच विकरं, म्हणजे एन्झाइम, आधी कामाला लागतात आणि प्रत्येक घाणा वेगळा निघतो.

मग मिश्रण 50-55 अंशांवर आणून सामू, म्हणजे आम्लता मोजणारा पीएच, 8 करायचा आणि अल्कलेज हे विकर घालायचं. किलोभर मांसाला एक-दोन ग्रॅम पुरतं. बंध तुटत जातात तसं मिश्रण आम्लाकडे झुकतं. सोडियम हायड्रॉक्साइडचे थेंब सोडत सामू धरून ठेवावा लागतो आणि किती द्रावण लागलं यावरूनच तोडणी किती झाली ते कळतं. दोन-तीन तासांनी 95 अंशांवर 10-15 मिनिटं ठेवून विकर मारायचं. हे करायला उशीर झाला तर कामाचे तुकडेही आणखी तुटून निकामी होऊ शकतात. मटण मऊ करायला कच्ची पपई लावतात, तिच्यातलं पपेनही चालतं. पण ते वेगळ्या जागी तोडतं, म्हणून त्याच मांसातून निराळी पेप्टाइड मिळतात.

पुढे गाळ आणि तेल वेगळं करून 3,000 डाल्टनच्या पडद्यातून (डाल्टन हे रेणूच्या वजनाचं माप; त्याहून जड रेणू पडदा अडवतो) द्रव गाळायचा आणि गोठवून सुकवायचा. ही भुकटी हवेतलं पाणी ओढते. कोकणच्या पावसाळ्यात बरणी थोडा वेळ उघडी राहिली तरी गोळा होतो.

खरी फसगत चाचणीत होते. प्रयोगशाळेत उंदराच्या मॅक्रोफेज पेशींना, म्हणजे जंतू गिळणाऱ्या रोगप्रतिकारक पेशींना, आधी भुकटी देतात, मग जिवाणूंच्या आवरणातलं एंडोटॉक्सिन देऊन डिवचतात. पेशी नायट्रिक ऑक्साइड सोडतात, ती सुजेची खूण. त्यापासून बनलेलं नायट्राइट ‘ग्रीस’ नावाच्या तपासणीच्या रसायनाने गुलाबी होतं. रंग फिका आला की सूज कमी, असा निष्कर्ष काढतात. पण पेशी मेल्या असतील तरी रंग फिकाच येतो, म्हणून त्या जिवंत आहेत का हे वेगळं तपासावंच लागतं. याहून बारीक गफलत अशी, की शिणाणा खाडीचं पाणी गाळून जगतो, त्यामुळे नमुन्यातच एंडोटॉक्सिन असू शकतं. त्याचा थोडा डोस आधी मिळालेल्या पेशी दुसऱ्या डोसाला कमी दाद देतात. श्रेय पेप्टाइडला जातं, काम केलेलं असतं घाणीने. भुकटीतलं एंडोटॉक्सिन मोजल्याशिवाय मिळालेल्या अशा निकालावर आम्ही तरी विसंबणार नाही.

मात्रेचा हिशेबही करून पाहावा. पेशींना मिलिलिटरमागे 100 मायक्रोग्रॅम दिले असतील, तर माणसाच्या 5 लिटर रक्तात तेवढं साधायला अर्धा ग्रॅम पेप्टाइड एकाच वेळी शाबूत पोहोचायला हवं. पोटातून गेलेलं बरंचसं आतड्यात आणखी तुटतं. तिथली वाहक यंत्रणा मुख्यतः दोन-तीन अमिनो आम्लांचे तुकडे उचलते. तेव्हा पेशींवरचा निकाल हा गुडघेदुखीवरचा उपाय नव्हे. कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने शिणाण्यापासून सांधेदुखीसाठी ‘कॅडलमिन’ अर्क काढला आहे, आणि न्यूझीलंडच्या शिंपल्यावरचं बरंच संशोधन त्याच्या मेदावर आहे. त्यांचे गुण या भुकटीच्या नावावर मांडू नयेत.

घरी हा प्रयोग करू नये. विषारी शैवालातून शिंपल्यात येणारं सॅक्सिटॉक्सिन शिजवून जात नाही. ते प्रथिन नाही, म्हणून विकर त्याला तोडत नाही. आणि 299 डाल्टनचं असल्याने पडद्यातून थेट भुकटीत उतरतं. माल निवडतानाच त्याची तपासणी हवी. शिंपल्यांची किंवा कोळंबीची ॲलर्जी असलेल्यांनीही भुकटी टाळावी: ॲलर्जी आणणाऱ्या ट्रोपोमायोसिन या प्रथिनाचा आठ-दहा अमिनो आम्लांचा तुकडा शाबूत राहिला, तरी प्रतिपिंडं त्याला ओळखू शकतात.