पाठीवरचा फुगा: गॅसच्या नळकांड्यापासून बॅटरीपर्यंत

माझा भाचा शिरपूरचा, नोकरी पुण्यात. यंदाच्या जानेवारीत तो गुलमर्गला स्कीइंग शिकायला निघाला तेव्हा घरात पहिली चर्चा थंडीची झाली आणि दुसरी त्याच्या पाठपिशवीची. ती त्यानं ऑफिसातल्या मित्राकडून मागून आणली होती. मुठीएवढी एक कडी ओढली की पिशवीतून भलामोठा फुगा बाहेर येतो आणि बर्फाचा कडा अंगावर आला तरी माणूस वर राहतो, असं तो सांगत होता. आमचे मोठे काका पानाला चुना लावता लावता म्हणाले, "आपले काय करनं शे? आपला आठे बरफ म्हंजे गोळानाच!"

काकांचं खरं आहे. आमच्याकडे मे महिन्यात भुसावळ-जळगावचा पारा ४५ च्या वर जातो, बर्फाशी आमचा संबंध गोळ्यापुरता. पण त्या पिशवीची जन्मकथा मी शोधत गेलो तसतशी ती मला फार ओळखीची वाटू लागली.

सुरुवात जर्मनीतल्या बव्हेरियात होते, १९७० च्या दशकात. योसेफ होहेनेस्टर नावाचा माणूस तिथल्या जंगलात कामाला होता. शिकार खांद्यावर टाकून डोंगर उतरताना तो बर्फाच्या लोटात, म्हणजे हिमस्खलनात, सापडला आणि आश्चर्य म्हणजे गाडला न जाता वरच राहिला. दुसरा कुणी असता तर देवाचे आभार मानून घरी गेला असता. हा गडी विचार करत बसला. पाठीवर ओझं होतं, म्हणजे खरं तर बुडायला हवं होतं. मग वाचलो कसा? त्यानं पुढं डबे, फुगे असं काय काय पाठीला बांधून पाहिलं. सगळ्याचा निष्कर्ष एकच निघाला: वजन वाढलं तरी चालेल, आकार वाढला पाहिजे.

आपल्याकडे विहिरीत पोहायला शिकवताना पोराच्या पाठीला रिकामा डबा बांधतात. त्यामुळे आपला पहिला अंदाज असा की फुगा बर्फावर तसाच तरंगत असणार. त्यात थोडं तथ्य आहे, पण मुख्य कारण वेगळं आहे. ते हवं तर चिवड्याच्या डब्यात बघावं. दिवाळीनंतर आठ दिवसांनी डब्यात वरवर फक्त पोहे दिसतात. तीळ, मीठ आणि तिखट गुपचूप तळाला गेलेले असतात. डबा हलला की मोठ्या तुकड्यांखाली फटी पडतात, बारीक जिन्नस त्या फटींत घसरतो आणि मोठा तुकडा हळूहळू वर ढकलला जातो. शास्त्रज्ञांनी या प्रकाराला सुक्यामेव्यातल्या एका मोठ्या दाण्यावरून 'ब्राझील नट इफेक्ट' असं नाव दिलंय. ते फराळाला आपल्याकडे आले असते तर नाव वेगळं पडलं असतं.

कोसळणारा बर्फही असाच असतो. तो पाण्यासारखा एकसंध वाहत नाही, लहानमोठ्या ढेकळांचा लोंढा असतो. त्यात माणूस मधल्या आकाराचा. पाठीवर दीडशे लिटरचा फुगा आला की तो एकदम सगळ्यांत मोठं ढेकूळ होतो आणि वर येऊ लागतो. अट एकच, लोट हलत असला पाहिजे. लोट थांबला की बर्फ सिमेंटसारखा घट्ट बसतो. मग फुगवून उपयोग नाही.

वर राहण्याचं महत्त्व किती, हे स्वित्झर्लंडमधल्या अपघातांच्या नोंदींवरून १९९४ मध्ये मांडलं गेलं. पूर्ण गाडल्या गेलेल्यांपैकी १५ मिनिटांपर्यंत सुमारे ९२ टक्के लोक जिवंत सापडतात. ३५ मिनिटांवर हाच आकडा ३० टक्क्यांपर्यंत घसरतो. बहुतेकांचा जीव श्वास कोंडून जातो. सोबत्यांनी बिपर, म्हणजे गाडलेल्याच्या अंगावरच्या यंत्राचा संदेश पकडणारं यंत्र, लावून शोधायचं, काठी खुपसून जागा धरायची, फावड्यानं उपसायचं, हे सगळं त्या पाव तासात बसवायचं असतं.

होहेनेस्टरची कल्पना पेटर आशाउअर या जर्मन उद्योजकानं १९८० मध्ये विकत घेतली आणि म्युनिकजवळ एबीएस ही कंपनी काढली. १९८५ मध्ये म्युनिकच्या क्रीडासाहित्य प्रदर्शनात पहिली पिशवी लोकांसमोर आली. पुढे १९९६ मध्ये एकाऐवजी दोन बाजूंना दोन फुगे आले. एक फाटला तर दुसरा असावा, हा त्यामागचा हिशेब. दाव्होसच्या हिमसंशोधन संस्थेनं १९९० च्या दशकात पुतळ्यांना फुगे बांधून त्यांच्यावर मुद्दाम बर्फ कोसळवून पाहिला. फुगेवाले पुतळे बहुतेक वर सापडले.

या जुन्या पिशवीत विजेचा काहीच भाग नव्हता. आत नायट्रोजन ठासलेलं नळकांडं, त्यातला दाब मोटारसायकलच्या टायरपेक्षा शंभरएक पट. कडी ओढली की मुठीतली चिमूटभर दारू उडायची, नळकांड्याचं तोंड फुटायचं आणि सुटलेला गॅस आजूबाजूची हवाही आत खेचून घ्यायचा. काही सेकंदांत काम फत्ते. यंत्र म्हणून मला हे आजही देखणं वाटतं.

अडचण अशी की हा फटाका एकदाच वाजतो. नंतर नळकांडं बदलून घ्या किंवा भरून आणा. दाबाची हवा वापरणाऱ्या पुढच्या काही पिशव्यांची नळकांडी समुद्रात बुडी मारणाऱ्यांच्या सामानाच्या दुकानात भरून मिळू लागली, पण तेही पैशाचं आणि हेलपाट्याचं काम. विमानात वेगळाच घोळ. बऱ्याच ठिकाणी विमान कंपनीची परवानगी काढून असं एखादं नळकांडं नेता येतं, अमेरिकेत मात्र भरलेलं चालत नाही. म्हणजे नळकांडं घरून रिकामं न्यायचं आणि डोंगराच्या पायथ्याशी भरणारा शोधत हिंडायचं.

माझ्या मते याहून मोठी उणीव दुसरीच होती. ओढायला पैसे पडतात म्हणून कुणी ओढून बघतच नव्हतं. वर्षानुवर्षं पिशवी पाठीवर, आणि हाताला कडीची सवयच नाही. कॅनडातले संशोधक पास्कल हेगेली आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये अपघातांचा जो ताळेबंद मांडला त्यात हे उघड झालं. लोटात गंभीरपणे सापडलेल्यांत फुगा न फुगलेल्यांपैकी सुमारे २२ टक्के दगावले, फुगलेल्यांपैकी ११ टक्के. म्हणजे फुगा काम करतो, पण जादू नाही. आणि दर पाच पिशव्यांमागे एक फुगलीच नव्हती. त्यातही निम्म्याहून जास्त वेळा यंत्र ठीक होतं, माणसानं कडी ओढलेली नव्हती.

२०१२ च्या फेब्रुवारीत दोन दिवसांच्या अंतरानं दोन घटना घडल्या आणि ही पिशवी जगभर चर्चेत आली. ऑस्ट्रियातल्या लेख गावाजवळ नेदरलँड्सचे राजपुत्र फ्रिसो बर्फाखाली गाडले गेले. बाहेर काढेपर्यंत मेंदूला प्राणवायू कमी पडला होता, पुढच्या वर्षी ते गेले. त्यांच्या सोबत्याच्या पाठीवर फुगा होता, तो वाचला. लगेच अमेरिकेत स्टीव्हन्स पासजवळ एका लोटानं तिघांचा बळी घेतला. व्यावसायिक स्कीपटू एलिस सॉगस्टॅड त्याच लोटात होती. तिनं कडी ओढली होती. बर्फ थांबला तेव्हा तिचं तोंड आणि हात तेवढे बाहेर होते. तेवढं पुरलं.

२०१४ मध्ये ब्लॅक डायमंड कंपनीनं जेटफोर्स नावाची पिशवी बाजारात आणली आणि तिच्यात गॅसऐवजी पंखा होता. लिथियम-आयन बॅटरीवर चालणारा, दोनशे लिटरचा फुगा भरणारा. आमच्या कापूसपट्ट्यात हा बदल समजावून सांगावा लागत नाही. पाठीवर फवारणीचा पंप, एका हातानं दांडा सतत हलवायचा, संध्याकाळी खांदा बधिर. मग बॅटरीचा पंप आला आणि दांडा गेला. रात्री चार्जिंगला लावा, सकाळी खटका दाबा. लाइट गेली तर पंचाईत, तीही तशीच.

पंख्यामुळे एका चार्जिंगमध्ये फुगा अनेकदा उघडता येऊ लागला. फुग्याला बारीक छिद्र पडलं तर पंखा पुन्हा हवा भरतो. आणखी एक हुशारी अशी की तीन मिनिटांनी पंखा उलटा फिरून हवा काढून घेतो. माणूस गाडला गेलाच, तर फुग्याच्या जागी श्वासापुरती पोकळी उरावी हा हेतू. २०१६ मध्ये कॅनडाच्या आर्कटेरिक्सनंही व्होल्टेअर नावाची बॅटरीवाली पिशवी काढली. दोन्हींची तक्रार एकच, जड. डोंगर चढणारा माणूस ग्रॅमग्रॅमचा हिशेब ठेवतो.

शिवाय थंडी. आमच्याकडे मोबाइल उन्हात तापून बंद पडतो. तिकडं उणे वीसमध्ये बॅटरीतली रासायनिक क्रिया मंदावते आणि ऐनवेळी जोर कमी पडतो. म्हणून मोठी, म्हणजेच जड बॅटरी द्यावी लागे. यावर उतारा काढला अल्प्राइड या स्विस कंपनीनं. २०१८ च्या सुमारास आलेल्या त्यांच्या ई१ यंत्रणेत मुख्य काम सुपरकपॅसिटर करतात. कपॅसिटर आपल्याला छताच्या पंख्यातून ठाऊक आहे, पंखा रेंगाळला की इलेक्ट्रिशियन तोच बदलतो. त्याचा हा थोरला भाऊ. रासायनिक क्रियेवर त्याची मदार नसल्यानं उणे तीसमध्येही तो साठवलेली वीज एका दमात सोडतो. फार वीज मावत नाही, पण काम चार-पाच सेकंदांचंच आहे. चार्जिंग मोबाइलच्या केबलनं होतं, आणि फुगा एकदा उघडल्यावर डोंगरातच पुन्हा भरून घ्यायला दोन पेन्सिल सेल पुरतात. यंत्रणेचं वजन सव्वा किलोच्या आसपास, आणि लिथियम बॅटरी नसल्यानं विमानतळावर वादही कमी.

आपल्या देशात हा विषय आजवर जवानांच्या बातम्यांतूनच आला. बर्फाच्या अभ्यासासाठी १९६९ मध्ये मनालीत संस्था निघाली, ती आता डीआरडीओच्या डीजीआरई या संशोधन संस्थेत सामील झाली आहे. पण सियाचीनसारख्या घटनांत फुग्याचा उपयोग नाही. २०१६ च्या फेब्रुवारीत तिथं तंबूंवरच बर्फाची भिंत कोसळली आणि दहा जवान गेले. झोपलेल्या माणसानं कडी कधी ओढायची? फुगा स्वतःच्या पायांनी, रिसॉर्टच्या दोऱ्या ओलांडून कोऱ्या उतारावर जाणाऱ्यासाठी आहे. गुलमर्गचा गोंडोला, म्हणजे रोपवे, अफरवट डोंगराच्या अंगावर जवळपास चार हजार मीटरपर्यंत नेऊन सोडतो, आणि तिथून बाजूला वळलं की कोरा बर्फ सुरू. १ फेब्रुवारी २०२३ रोजी तिथंच दोन पोलिश स्कीपटू लोटात गेले. आणि झाडावर किंवा खडकावर आपटलं तर फुगा काय करणार? कॅनडातल्या नोंदींत सुमारे चौथा हिस्सा मृत्यू अशा मारानंच झालेले आहेत.

हे सगळं भाच्याला सांगून झाल्यावर मी विचारलं, "तू स्वतः एकदा तरी ओढलीस का?" नव्हती ओढली. ओसरीत उभं केलं, पिशवीचे पट्टे आवळले, मांडीचा पट्टाही लावायला लावला, तो नसला तर लोट पिशवीच उपटून नेतो. पहिल्यांदा त्याचा हात कडीवर न जाता छातीच्या बकलवर गेला. दुसऱ्यांदा सापडली. व्हॅक्यूम क्लीनरसारखा आवाज झाला, फुगा डोक्यामागून उसळला आणि तुळशीजवळची बादली कलंडली. हातमोजे घालून आणखी दोनदा करवून घेतलं.

मग काकांनी पान थुंकलं, उठून आले आणि म्हणाले, ती पिशवी जरा माझ्या पाठीवर चढव.