बीपीची खबर मेंदूला देतं कोण? नवव्या नर्व्हला उशिरा मिळालेलं श्रेय

बीपी म्हटलं की लोक हार्टबद्दल बोलतात, फार तर मिठाबद्दल, पण ते क्षणोक्षणी सांभाळायचं काम मेंदूतून निघणाऱ्या 12 क्रेनियल नर्व्हच्या जोड्यांपैकी दोन करतात, नववी ग्लॉसोफॅरिंजियल आणि दहावी व्हेगस. त्यात व्हेगस आधीपासूनच फेमस, कारण 1845 मध्येच वेबर बंधूंनी दाखवलं होतं की तिला करंट दिला की हार्ट मंदावतं, थांबतंसुद्धा.

मग 1866 मध्ये जर्मनीत लाइपझिगला लुडविग आणि सिऑन या दोन शरीरक्रियाशास्त्रज्ञांनी सशाच्या मानेतली व्हेगसचीच एक बारीक फांदी कापली. हार्टकडच्या टोकाला करंट दिला तर काहीच नाही, मेंदूकडच्या टोकाला दिला आणि बीपी धाडकन खाली! म्हणजे ही फांदी हुकूम नेत नव्हती, खबर पोचवत होती. मला तर या सगळ्या इतिहासात हाच प्रयोग सगळ्यात भारी वाटतो.

त्याच दशकात चेर्माकने सांगितलं की मानेत कॅरोटिडपाशी, म्हणजे डोक्याकडे रक्त नेणाऱ्या धमनीपाशी, दाबलं की नाडी मंदावते (घरी ट्राय करू नका, चक्कर येऊन पडाल), आणि आत व्हेगसच दाबली जात असणार असं सगळे धरून चालले, ते पन्नासेक वर्षं तसंच. 1920 च्या दशकात जर्मनीत हेरिंगने नीट वेगवेगळं करून बघितलं, तर व्हेगस दाबली गेल्याने ते होत नव्हतं, कॅरोटिड जिथे दुभंगते तिथला फुगीर भाग, सायनस, ताणला की नाडी उतरायची, आणि तिथून निघणारी नर्व्ह निघाली नवव्या नंबरची फांदी.

आता चित्र असं आहे की प्रेशर वाढलं की सायनस आणि महाधमनीची भिंत ताणते, नववी आणि दहावी मेड्युलाला, म्हणजे मेंदूच्या सगळ्यात खालच्या भागाला, जास्त सिग्नल धाडतात, मग व्हेगस हार्टला आवरते आणि रक्तवाहिन्या आवळणाऱ्या सिंपथेटिक नसांचा जोर कमी होऊन रक्तवाहिन्या सैलावतात. झटकन उभं राहिलात की नेमकं उलट.

1938 चं नोबेल याच भागावर काम करणाऱ्या बेल्जियमच्या हायमान्सला मिळालं, पण श्वासाच्या कंट्रोलसाठी, आणि तिथल्या नसांची रचना मायक्रोस्कोपखाली बारकाईने दाखवणारा स्पेनचा दे कास्त्रो राहूनच गेला. बरं, ताण ओळखतं नेमकं काय, हे मात्र 2018 पर्यंत लटकलेलं होतं, तेव्हा उंदरांमध्ये पिझो1 आणि पिझो2 ही दोन्ही प्रोटीन्स या नर्व्हमधून काढली तर हा रिफ्लेक्सच गेला.