पिल्लू गुटगुटीत नको, सडपातळ हवं

ग्रेट डेन जातीच्या कुत्र्याचं पिल्लू जन्मतं तेव्हा जेमतेम अर्धा-पाऊण किलोचं असतं. दीड वर्षात ते ५०-६० किलोंचं होतं, म्हणजे जवळपास शंभरपट. माणसाच्या बाळाला जन्माच्या वजनाच्या वीसपट व्हायला सोळा-अठरा वर्षं लागतात. लॅब्रॅडॉर, गोल्डन रिट्रिव्हर, जर्मन शेफर्ड, रॉटवायलर यांची मजल ग्रेट डेनइतकी नसली तरी वाढीचा सपाटा असाच असतो, आणि आपल्याकडच्या फ्लॅटमध्ये, बंगल्यात, फार्महाऊसवर आता याच जाती जास्त दिसतात.

एवढ्या झपाट्यानं वाढताना सगळा ताण येतो तो हाडांवर. लांब हाडांच्या टोकांशी कूर्चेची एक पट्टी असते, तिला ग्रोथ प्लेट म्हणतात. तिथे आधी कूर्चा तयार होते आणि मग तिचं हाड बनतं. मोठ्या जातींमध्ये हे काम वर्षभर, काहींमध्ये दीड वर्षापर्यंत चालू राहतं. कूर्चा अजून मऊ आहे आणि वरून वजन मात्र भराभर वाढतंय, अशी ही अवस्था. कुत्रं शेवटी किती उंच होणार हे बरंचसं आईबापांकडून ठरूनच आलेलं असतं. जास्त खाऊ घातल्यानं उंची वाढत नाही, फक्त ती लवकर गाठली जाते आणि सांध्यांवर चरबीचा भार पडतो. म्हणून मोठ्या जातीच्या पिल्लाला सावकाश वाढू देणं हीच त्याची खरी काळजी, असं माझं ठाम मत आहे. ‘किती बारीक दिसतंय हो तुमचं पिल्लू’ असं शेजारी म्हणाले तरीही.

या मताला भक्कम आधार आहे. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात हेडहॅमर आणि सहकाऱ्यांनी ग्रेट डेनच्या पिल्लांवर केलेला अभ्यास १९७४ मध्ये प्रसिद्ध झाला. काही पिल्लांना सकस खाणं हवं तेवढं दिलं, तर त्यांच्याच भावंडांना त्याच्या दोन तृतीयांश. पोटभर खाणाऱ्यांमध्ये हाडांचे आणि सांध्यांचे विकार जास्त आणि लवकर दिसले.

त्याहून बोलका आहे लॅब्रॅडॉरवरचा अभ्यास. प्युरिना या पाळीव प्राण्यांचं खाद्य बनवणाऱ्या कंपनीच्या संशोधकांनी ४८ पिल्लांच्या २४ जोड्या लावल्या. दर जोडीतली दोन्ही पिल्लं एकाच आईची, वजनानं सारखी. आठव्या आठवड्यापासून एकाला भरपूर आणि दुसऱ्याला त्याच्यापेक्षा २५ टक्के कमी खाणं, तेही अगदी तेच खाणं. हा क्रम थेट मरेपर्यंत पाळला. दोन वर्षांच्या वयात एक्स-रे काढले तेव्हा भरपूर खाणाऱ्या २४ पैकी १६ कुत्र्यांच्या खुब्यात दोष होता, हिप डिस्प्लेसिया. कमी खाणाऱ्या २४ पैकी फक्त ७ जणांत तो दिसला. आनुवंशिक मानल्या जाणाऱ्या आजारात नुसत्या खाण्याच्या मापानं एवढा फरक पडला, हे मला आजही थक्क करतं. २००२ मध्ये आयुर्मानाचे आकडे प्रसिद्ध झाले: भरपूर खाणाऱ्यांचं मध्यम आयुष्य ११.२ वर्षं, कमी खाणाऱ्यांचं १३. लॅब्रॅडॉरच्या आयुष्यात पावणेदोन वर्षांहून जास्त काळ म्हणजे थोडाथोडका नव्हे.

आता कॅल्शियमकडे येऊ, कारण आपल्याकडे सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. पिल्लू घरी आलं की पहिल्याच आठवड्यात कॅल्शियमची बाटली येते. ‘मोठी जात आहे, हाडं मजबूत व्हायला हवीत’ हा विचार प्रेमातूनच येतो. पण मोठ्या कुत्र्याच्या आतड्याला जे जमतं ते साधारण सहा महिन्यांखालच्या पिल्लाला जमत नाही. मोठं कुत्रं गरजेपुरतं कॅल्शियम शोषून घेतं आणि उरलेलं विष्ठेवाटे टाकून देतं. पिल्लाला मात्र हा दरवाजा पुरता बंद करता येत नाही. पोटात जितकं जास्त कॅल्शियम जाईल, तितकं रक्तातही जास्त उतरतं. हॉलंडमधल्या उट्रेख्त विद्यापीठात हॅझेविंकेल यांनी १९८०च्या दशकात ग्रेट डेनवर हेच दाखवून दिलं. कॅल्शियम जास्त झालं की शरीर कॅल्सिटोनिन नावाचं संप्रेरक सोडतं. त्यामुळे जुनं हाड झिजवून त्याला नवा आकार देणाऱ्या पेशी मंदावतात आणि कूर्चेचं हाड होण्याचं कामही बिघडतं. मग खांद्याच्या किंवा कोपराच्या सांध्यात कूर्चेचा पापुद्रा सुटतो, पुढचे पाय बाहेर फाकतात किंवा धनुष्यासारखे वाकतात. असं पिल्लू पाहिलं की पुष्कळजण ‘कॅल्शियम कमी पडलं’ म्हणून डोस आणखी वाढवतात.

प्रत्यक्ष हिशेब करून पाहू. तीन महिन्यांचं, १० किलोचं लॅब्रॅडॉर दिवसाला साधारण ११८० कॅलरी खातं. कुत्र्यांच्या खाद्याचे मापदंड ठरवणाऱ्या अमेरिकेतल्या ॲफको या संस्थेनुसार वाढत्या पिल्लाला दर १००० कॅलरीमागे किमान ३ ग्रॅम कॅल्शियम लागतं, आणि मोठ्या जातीच्या पिल्लासाठी कमाल मर्यादा ४.५ ग्रॅम आहे. म्हणजे आपल्या पिल्लाची रोजची गरज साडेतीन ग्रॅम आणि मर्यादा सव्वापाच-साडेपाचच्या दरम्यान. १.२ टक्के कॅल्शियम असलेलं ड्राय फूड दिवसाला ३२० ग्रॅम दिलं, तर त्यातूनच ३.८ ग्रॅम मिळतं. गरज भागली. आता त्यावर अंड्याच्या टरफलांची पूड चहाचा एक चमचा, म्हणजे अंदाजे ५ ग्रॅम, भुरभुरली की जवळपास २ ग्रॅम कॅल्शियम आणखी गेलं. मर्यादा तिथेच ओलांडली. एका चमच्यानं!

तेव्हा पिल्लांसाठी बनवलेलं चांगलं, संतुलित खाद्य चालू असेल तर वर कॅल्शियमचं सिरप, गोळ्या, पूड काही म्हणजे काही नको. डॉक्टरांनी तपासून, कारण सांगून दिलं तर गोष्ट वेगळी.

घरचं चिकन-भात खाणाऱ्या पिल्लाची अडचण नेमकी उलटी असते. तेवढ्याच ११८० कॅलरीसाठी ४०० ग्रॅम बिनहाडाचं चिकन आणि पावणेदोनशे-दोनशे ग्रॅम तांदूळ शिजवला, तर त्यात कॅल्शियम १०० मिलिग्रॅमही भरत नाही. गरज साडेतीन हजार मिलिग्रॅमची! अर्धा लिटर दूध घातलं तर सहाशेची भर पडेल, पण दूध सोडल्यावर पुष्कळ पिल्लांना ते पचत नाही आणि जुलाब होतात. नाचणीत १०० ग्रॅममागे ३५० मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, धान्यांत ते सर्वात जास्त. तरी फायटेट या कॅल्शियम अडवून ठेवणाऱ्या घटकामुळे त्यातलं सगळं अंगी लागत नाही. शिवाय मांसात फॉस्फरस कॅल्शियमच्या पंधरा-वीसपट असतो. पिल्लाला हे प्रमाण कॅल्शियमच्या बाजूनं झुकलेलं, १ ते २ पट, लागतं. ते न मिळाल्यास शरीर स्वतःच्या हाडांतून कॅल्शियम काढून रक्तातली पातळी राखतं, हाडं पातळ होतात आणि सोफ्यावरून साधी उडी मारतानाही मोडतात.

‘सकाळच्या कोवळ्या उन्हात बांधा, ड जीवनसत्त्व मिळेल’ हा सल्लाही कुत्र्यांना लागू पडत नाही. माणसाची कातडी उन्हात ड जीवनसत्त्व बनवते. कुत्र्याच्या कातडीत ते जवळजवळ बनतच नाही, त्याला ते खाण्यातूनच मिळावं लागतं. त्यामुळे घरचंच जेवण द्यायचं असेल तर पशुपोषणाच्या जाणकाराकडून ग्रॅमसकट कृती लिहून घ्यावी, अंदाजपंचे करू नये. पशुवैद्यकीय महाविद्यालयांत पशुपोषणाचा स्वतंत्र विभाग असतो, तिथे विचारता येतं.

प्रोटीनची भीती मात्र सोडून द्यावी. ‘जास्त प्रोटीननं हाडं वाकतात’ हा जुना समज उट्रेख्तच्याच संशोधकांनी १९९१ मध्ये ग्रेट डेनवर तपासला आणि तो टिकला नाही.

पाकीट निवडताना पुढच्या बाजूवरची चित्रं न बघता मागची बारीक अक्षरं वाचा. ‘लार्ज ब्रीड पपी’ लिहिलेल्या खाद्यात साध्या पपी फूडपेक्षा सहसा कॅलरी जरा कमी आणि कॅल्शियम मर्यादेत असतं. बाहेरून येणाऱ्या पाकिटांवर ॲफकोचं विधान असतं, त्यात ‘इन्क्लूडिंग ग्रोथ ऑफ लार्ज साइज डॉग्ज’ हे शब्द आहेत का ते शोधा. मोठं झाल्यावर ७० पौंड, म्हणजे सुमारे ३२ किलो किंवा जास्त भरणाऱ्या कुत्र्यांना ते खाद्य चालतं, असा त्याचा अर्थ. पुष्कळ पाकिटांवर कॅल्शियमचा किमान आकडाच छापतात. आपल्याला कमालही हवा असतो. कंपनीच्या कस्टमर केअरला ‘दर १००० कॅलरीमागे कॅल्शियम किती’ एवढंच विचारावं. जी कंपनी हे सांगू शकत नाही तिचं खाद्य मी तरी पिल्लाला देणार नाही.

किती द्यायचं याचं सूत्र मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर सुटतं. पिल्लाचं वजन किलोत घ्या, त्याला त्यानंच दोनदा गुणा, मग वर्गमुळाचं बटण दोनदा दाबा आणि ७० नं गुणा. १० किलोचे हजार होतात, वर्गमूळ ३१.६, पुन्हा वर्गमूळ ५.६२, गुणिले ७० म्हणजे ३९४. ही स्वस्थ पडून राहिलेल्या शरीराची गरज. साधारण चार महिन्यांपर्यंत याच्या तिप्पट, पुढे दुप्पट. पाकिटावर १०० ग्रॅमला ३७० कॅलरी लिहिल्या असतील तर ११८० कॅलरीचे ३२० ग्रॅम होतात. हेच पिल्लू पाच-सहा महिन्यांत २० किलोंचं झालं की हिशेब येतो १३२४ कॅलरी, म्हणजे ३६० ग्रॅम. वजन दुप्पट झालं, खाणं वाढलं फक्त ४० ग्रॅमनं. घरोघरी नेमकं इथेच चुकतं, वजनाबरोबर वाटीही दुप्पट होते.

पाकिटावरचा तक्ता बघणार असाल तर तो पूर्ण दिवसाचा असतो, एका वेळचा नव्हे. आणि माप कपानं नको, स्वयंपाकघरातल्या डिजिटल वजनकाट्यावर ग्रॅममध्ये मोजा. कप कधी शिगोशीग भरतो, कधी सपाट, आणि घरातल्या चार माणसांचे कप चार प्रकारचे असतात. बिस्किटं, पनीरचा तुकडा, पोळीचा कोपरा हे सगळं मिळून दिवसाच्या कॅलरींच्या दहा टक्क्यांच्या आत बसवा, आणि तेवढं खाण्यातून वजा करा.

सूत्र फक्त सुरुवातीला. खरं माप पिल्लाच्या बरगड्यांवर. डावा हात टेबलावर पालथा ठेवून उजव्या हाताची बोटं त्या डाव्या हाताच्या पाठीवर फिरवा: हाडं दिसत नाहीत पण बोटांना सहज लागतात. पिल्लाच्या बरगड्या तशाच लागायला हव्यात. बोटं रुतवून शोधाव्या लागत असतील तर खाणं दहा टक्क्यांनी कमी करा, मूठ आवळल्यावर सांधे टोचतात तशा टोचत असतील तर तेवढंच वाढवा. वरून पाहिलं तर बरगड्यांमागे कंबर आत गेलेली दिसावी. पिल्लाला कडेवर घेऊन वजनकाट्यावर उभं राहायचं, मग आपलं वजन वजा करायचं. दर आठवड्याला हे एका वहीत लिहून ठेवलं की वाढीचा कल कळतो.

चार महिन्यांपर्यंत दिवसाचं खाणं तीन-चार वेळा विभागून, सहा महिन्यांनंतर दोनदा. मोठ्या, खोल छातीच्या जातींना एकाच वेळी सगळं देऊ नये, त्यानं पोट फुगून पीळ पडण्याचा धोका वाढतो आणि तो जिवावर बेततो. भांडं दिवसभर भरून ठेवणं तर नकोच. लॅब्रॅडॉर, जर्मन शेफर्ड यांना वर्ष-सव्वा वर्षापर्यंत, ग्रेट डेन, सेंट बर्नार्ड यांना दीड ते दोन वर्षांपर्यंत पपी फूड चालू ठेवून मग आठवडाभरात थोडं थोडं मिसळत मोठ्यांच्या खाद्यावर आणा. नसबंदी झाली असेल तर भूक वाढते आणि गरज कमी होते, तेव्हा माप लगेच उतरवा.

आणि चार ते दहा महिन्यांचं पिल्लू झोपून उठताना लंगडत असेल, सशासारखं दोन्ही मागचे पाय एकदम टाकत पळत असेल किंवा जिना चढायला नकार देत असेल, तर ‘खेळताना मुरगळलं असेल’ म्हणून महिना घालवू नका. त्याच आठवड्यात एक्स-रे काढून घ्या, आणि तो काय दाखवतो ते कळेपर्यंत कॅल्शियमची बाटली उघडू नका.