पिक्सारचे जुने शेअर सर्टिफिकेट सापडले? डिस्नेचे शेअर असे मागा

कॅलिफोर्नियात नोकरी केलेल्या काकांच्या कपाटात पिक्सार या ॲनिमेशनपट बनवणाऱ्या कंपनीचे कागदी शेअर सर्टिफिकेट निघाले, तर ते रद्दीत टाकू नका. त्या कंपनीचे शेअर आता बाजारात नाहीत, पण म्हणून हक्क बुडालाच असे नाही.

डिस्नेने 24 जानेवारी 2006 रोजी पिक्सार सुमारे 7.4 अब्ज डॉलरना घेत असल्याचे जाहीर केले आणि 5 मे 2006 रोजी व्यवहार पूर्ण झाला. मोबदला रोख नव्हता. पिक्सारच्या एका शेअरला डिस्नेचे 2.3 शेअर, असा दर ठरला. पिक्सारचे जवळपास निम्मे शेअर स्टीव्ह जॉब्स यांचे होते. याच दराने ते डिस्नेचे सर्वांत मोठे वैयक्तिक भागधारक झाले. सात शेअरवाल्यालाही दर तोच: 16.1 शेअर, म्हणजे 16 शेअर आणि उरलेल्या अपूर्णांकाचे रोख पैसे.

कोण पात्र? 5 मे 2006 ला ज्यांच्या नावावर पिक्सारचे शेअर होते ते, किंवा त्यांचे वारस. शेअर ब्रोकरच्या खात्यात असतील तर अदलाबदल तेव्हाच आपोआप झाली. तिथे ब्रोकरलाच विचारा. प्रश्न उरतो तो कागदी सर्टिफिकेटचा. ते त्या वेळी पाठवून बदलून घ्यावे लागत असे. पण कागद हातात आहे म्हणजे शेअर शिल्लकच आहेत, असे समजू नका. काकांनी ते हरवल्याचे कळवून पूर्वीच बदलून घेतलेले असू शकतात. म्हणून आधी नोंद तपासा, मग बाकीची धावपळ.

नोंद पाहण्यासाठी डिस्नेचे भागधारक खाते सांभाळणाऱ्या कॉम्प्युटरशेअर या संस्थेला लिहा. सर्टिफिकेट क्रमांक, त्यावरचे नाव आणि काकांचा त्या काळचा पत्ता द्या. सर्टिफिकेट 2005 च्या आधीचे असेल तर तेही सांगा, कारण त्या वर्षी पिक्सारने एका शेअरचे दोन केले होते आणि वाढीव शेअरची नोंद वेगळी असू शकते. साठलेल्या लाभांशाचीही चौकशी करा.

बरीच वर्षे खातेदाराचा संपर्क नसेल तर अशी मालमत्ता कायद्याने राज्य सरकारकडे जाते. पत्ता कॅलिफोर्नियातला असेल तर तिथल्या स्टेट कंट्रोलरच्या (अशी मालमत्ता सांभाळणाऱ्या राज्य अधिकाऱ्याच्या) संकेतस्थळावर नाव शोधा. पत्ता भारतातला असेल तर डेलावेअर या राज्याकडेही पाहा, कारण डिस्नेची नोंदणी तिथली आहे. कॅलिफोर्नियात दाव्याला मुदत नाही आणि शुल्कही नाही. मात्र राज्याने शेअर विकून टाकले असतील तर विक्रीचे पैसेच मिळतात, आजचा भाव नाही. वाईट वाटते, पण नियम तसा आहे. ‘पैसे सोडवून देतो’ म्हणणाऱ्या एजंटाला आगाऊ काहीही देऊ नका. कॅलिफोर्नियात अशा शोधकांच्या मोबदल्यावर कायद्यानेच 10 टक्क्यांची मर्यादा आहे.

कागदपत्रांत मूळ सर्टिफिकेट, ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा साधारणपणे लागतोच. अमेरिकी नागरिक किंवा तिथले रहिवासी नसाल तर डब्ल्यू-8बेन हा कर फॉर्म भरायचा. सर्टिफिकेट हरवले असेल तर प्रतिज्ञापत्र आणि इन्डेम्निटी बॉन्ड, म्हणजे पुढे नुकसान झाल्यास भरपाईची हमी. बॉन्डचा खर्च आपला. शेअर वारसाच्या नावावर चढवायचे तर मृत्यूचा दाखला आणि वारसाहक्काचे न्यायालयीन कागद हवेत. सहीला मेडॅलियन हमीचा शिक्का (सही खरी असल्याची अमेरिकी बँक वगैरेंची हमी) मागतात, तिथे आपल्याकडचा नोटरीचा शिक्का चालत नाही. भारतात हा शिक्का मिळणे अवघड, म्हणून पर्याय काय ते आधीच लेखी विचारून घ्या.

मृत व्यक्ती अमेरिकेची नागरिक किंवा रहिवासी नसेल आणि तिथली तिची मालमत्ता 60,000 डॉलरच्या वर असेल, तर 706-एनए हे वारसा कराचे विवरणपत्र भरावे लागते. मोठी रक्कम असेल तर तिथला कर सल्लागार गाठाच. आणि शेअर तुमच्या नावावर आले की, भारताचे रहिवासी म्हणून ते दरवर्षी आयकर विवरणपत्राच्या ‘शेड्यूल एफए’ या परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात दाखवा, त्या वर्षी एकही शेअर विकला नसला तरी.