पन्नास माणसांचा केक म्हणजे नेमका केवढा?

घरून केकच्या ऑर्डरी घेणाऱ्यांना हा प्रश्न हमखास येतो: ‘पन्नास माणसं आहेत, किती किलोचा सांगू?’ माणशी शंभर ग्रॅम धरून पाच किलो सांगून टाकणं हा आपल्याकडचा रुळलेला हिशोब. विक्रीसाठी किलो ठीक आहे, पण ताटलीत वाढला जातो तो विशिष्ट लांबी-रुंदी-उंचीचा तुकडा. व्हिप्ड क्रीम आणि स्पंज या दोन्हींत भरपूर हवा कोंडलेली असते, त्यामुळे त्यांचा एक किलो चांगला ऐसपैस दिसतो. गनाश (चॉकलेट आणि क्रीमचं मिश्रण) आणि फॉन्डंट (लाटून केकवर घालायचं साखरेचं आवरण) जड असतात, त्यांचा एक किलो त्यापुढे आटोपशीर वाटतो. वजन तेच, तुकडे मात्र वेगळे. म्हणून शीट केक, म्हणजे आयताकृती ट्रेमध्ये भाजलेला सपाट केक, शिकायला घेताना पहिल्या दिवसापासून इंचांत विचार करावा, असं माझं ठाम मत आहे.

शीट केकची मापं अमेरिकेतल्या बेकऱ्यांमधून आली. तिथल्या भट्टीच्या रॅकवर बसणारा पूर्ण ट्रे 18 × 26 इंचांचा. केक सांगताना मात्र ‘फुल शीट’ म्हणजे साधारण 18 × 24, ‘हाफ शीट’ 12 × 18 आणि ‘क्वार्टर शीट’ 9 × 13 इंच धरतात. युरोपातला बेकरीचा प्रमाण ट्रे 40 × 60 सेंटिमीटरचा, म्हणजे अमेरिकन ट्रेपेक्षा क्षेत्रफळाने सुमारे एक पंचमांश लहान. तेव्हा कुणी नुसतं ‘फुल शीट’ म्हटलं तर इंच विचारून घ्यावेत.

आता तुकडे. शीट केक कापायचा म्हणजे वड्या पाडायच्या. दोन इंच उंचीच्या केकची नेहमीची वडी 2 × 2 इंच. हाफ शीटमध्ये एका बाजूला सहा, दुसऱ्या बाजूला नऊ, म्हणजे 54 वड्या. पन्नास माणसांचं उत्तर इथे मिळालं. फुल शीटच्या 108 होतात. क्वार्टर शीटच्या 9 × 13, म्हणजे 117 चौरस इंचांना वडीच्या 4 चौरस इंचांनी भागलं तर 29 येतात, पण केकच्या मापांच्या तक्त्यांत बहुधा 24 दिलेले असतात. कारण सोपं आहे: 9 इंचांत दोन इंची वड्या चारच बसतात आणि 13 इंचांत सहा. उरलेल्या एकेक इंचाची वडी होत नाही, ती जागा बाकीच्या वड्यांत वाटली जाते. म्हणून नुसता क्षेत्रफळाचा भागाकार करून ऑर्डर घेऊ नये, रांगा मोजाव्यात.

उंचीही यात येते. 2 × 2 × 2 ची वडी म्हणजे आठ घनइंच. लग्नाच्या उंच केकचा काप 1 × 2 इंच आणि चार इंच उंच असतो, तोही आठ घनइंचच! दिसायला एक बुटका, एक उभट, पण पोटात जातं तेवढंच. त्यामुळे हाफ शीटवर दुसरा थर चढवून उंची चार इंच केली, तर त्याच केकचे 108 काप निघतात. वाढदिवसाला सोबत सामोसे, वेफर्स असतील तर आठ घनइंच भरपूर झाले. केक हाच एकमेव गोड पदार्थ असेल तर मी 2 × 3 ची वडी धरेन, म्हणजे हाफ शीटमध्ये 36.

आठ इंची गोल केकची रेसिपी हातात असेल तर? त्याचं क्षेत्रफळ सुमारे 50 चौरस इंच, दहा इंचीचं 78. व्यास दोनच इंचांनी वाढला, पण केक दीडपटीहून मोठा झाला. क्वार्टर शीटला उंची तेवढीच ठेवायची असेल तर आठ इंची रेसिपी सव्वादोन पट करावी, थोडी सढळ हातानेच. बेकिंग पावडर मात्र त्याच पटीत वाढवू नये, किंचित कमीच ठेवावी. मोठ्या टिनच्या मध्यभागी मिश्रण उशिरा घट्ट होतं. तोवर वायू जास्त झाला तर बुडबुडे एकमेकांत मिसळून फुटतात आणि केक मधोमध बसतो.

टिन मोठा झाला की भाजण्याची वेळही त्याच पटीत वाढते का? नाही. मधल्या भागाला उष्णता मुख्यतः वरून आणि खालून मिळते, त्यामुळे वेळ ठरते ती टिनमधल्या मिश्रणाच्या खोलीवरून. खोली दुप्पट केली तर उष्णता मध्यापर्यंत पोचायला साधारण चौपट वेळ लागतो. मोठ्या टिनची खरी अडचण कडांना असते. कोपऱ्यातल्या मिश्रणाला दोन्ही बाजूंच्या पत्र्यांचीही धग लागते. तिथली अंड्यातली प्रथिनं आणि मैद्यातला स्टार्च लवकर घट्ट होतात, आणि मधला भाग फुगतच राहतो. मग घुमट येतो, तडा जातो, कडा कोरड्या पडतात. यावर उपाय म्हणजे 180 ऐवजी 160 ते 165 अंश सेल्सिअसवर भाजणं. टिनभोवती ओल्या जाड कापडाची पट्टी गुंडाळली तर आणखी चांगलं. त्यातलं पाणी आटेपर्यंत पत्रा फारसा तापत नाही आणि कड मध्याबरोबर फुगते.

आपल्या घरातला ओव्हन इथे आडवा येतो. फिरत्या काचेच्या कन्व्हेक्शन मायक्रोवेव्हमध्ये 9 × 13 चा टिन ठेवाल तर त्याचा कर्ण जवळजवळ 16 इंच भरतो. तो फिरताना भिंतीला अडतो. ओटीजीत (विजेच्या छोट्या घरगुती ओव्हनमध्ये) टिन बसला तरी चारही बाजूंनी हवा खेळायला जागा हवी. क्वार्टर शीट मावत नसेल तर लहान टिनमध्ये दोन भाग भाजून, कडा सरळ कापून क्रीमने जोडावेत. वर आयसिंग आलं की सांधा दिसत नाही.

राहिला केकखालचा बोर्ड. हाफ शीट सजवून सहज तीन किलोंच्या पुढे जातो, आणि खालचा पुठ्ठा लवला की आयसिंगला आधी भेग पडते. दोन पुठ्ठे नुसते एकावर एक ठेवले तर ताठपणा दुप्पट होतो. तेच नीट चिकटवले तर जवळपास आठपट, कारण ताठपणा जाडीच्या घनाप्रमाणे वाढतो. खोके बनवायच्या नालीदार पुठ्ठ्यात एकाच्या नाल्या लांबीला, दुसऱ्याच्या रुंदीला ठेवाव्यात. उचलताना हात लांब बाजूंच्या खाली घालावेत. आधारांमधलं अंतर 18 इंचांऐवजी 12 इंच होतं आणि बोर्ड कमी लवतो.