बाकोलोदच्या एका दुकानाची दोन नावं: डीटीआयचं आणि डोमेनचं

ऑक्टोबरातल्या एका सकाळी फिलिपिन्समधल्या बाकोलोदहून मेसेज आला, "नावाचे पैसे भरले. साइट कधी सुरू होणार?" सोबत ५३० पेसोंच्या पावतीचा स्क्रीनशॉट. नाशिकमध्ये माझा चहा गॅसवर होता, तिकडे घड्याळ अडीच तास पुढे, त्यांचं दुकान उघडूनही झालेलं. पावती नीट पाहिली. पैसे जमा झाले होते, नावाची मुदतही पाच वर्षांनी वाढली होती. घोटाळा एवढाच, की मुदत संपली होती साइटच्या पत्त्याची, म्हणजे डोमेनची, आणि भरलं होतं ते दुसऱ्याच नावाचं.

या बाई पियाया विकतात. नेग्रोस हा ऊसवाल्यांचा मुलूख, बाकोलोद त्याचं मोठं शहर. पियाया म्हणजे आत काळसर मस्कोवाडो साखर भरून लाटलेली, वरून तीळ लावून तव्यावर भाजलेली छोटी पोळी. आपण संक्रांतीला तिला गूळपोळीच म्हटलं असतं. प्रवासातून परतताना घरच्यांसाठी न्यायच्या खाऊला तिकडे 'पासालुबोंग' म्हणतात, आणि बाकोलोदहून निघालेल्या माणसाच्या पिशवीत पियाया असतोच. बाईंनी तो वेबसाइटवरून मनिलाला पाठवायला सुरुवात केली, साइट सांभाळायचं काम माझ्याकडे आलं. मी त्यांना 'आते' म्हणतो. टागालोगमध्ये आते म्हणजे थोरली बहीण. सुरुवातीला मला आतेबहिणीशी बोलतोय असंच वाटायचं.

त्यात महिना ऑक्टोबर. ज्यांच्या इंग्रजी नावाच्या शेवटी 'बर' येतं त्या सप्टेंबर ते डिसेंबर महिन्यांना तिकडे 'बर मंथ्स' म्हणतात, आणि सप्टेंबर लागला की दुकानांत नाताळची गाणी सुरू होतात. म्हणजे ऐन धंद्याच्या दिवसांत साइटच्या जागी कुठल्यातरी जाहिरातींचं पान दिसत होतं.

आतेंची गफलत मात्र समजण्यासारखी होती. दोन्ही ठिकाणी शब्द तेच: नाव, नोंदणी, मुदत, नूतनीकरण. दोन्हीकडे ऑनलाइन फॉर्म, दोन्हीकडे आधी 'हे नाव उपलब्ध आहे का' अशी तपासणी. नाव संपलंय एवढं कुणीतरी सांगितलं आणि त्यांनी ओळखीच्या खिडकीवर पैसे भरले.

त्यांच्या ओळखीची खिडकी म्हणजे डीटीआय, तिथलं व्यापार आणि उद्योग खातं. फिलिपिन्समध्ये एकट्या मालकाचा धंदा स्वतःच्या नावाखेरीज दुसऱ्या नावाने चालवायचा, तर ते नाव इथे नोंदवावं लागतं. कंपनी किंवा भागीदारी असेल तर दुसरं दार, एसईसीचं, म्हणजे कंपन्यांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी आयोगाचं. डीटीआयचं शुल्क धंद्याची हद्द किती यावर ठरतं: फक्त बारांगायपुरता, म्हणजे आपल्या वॉर्डाएवढ्या भागापुरता असेल तर २०० पेसो, शहरापुरता ५००, प्रांतविभागापुरता १,०००, देशभराचा २,०००. वर मुद्रांकाचे ३०. आतेंचे ५३० असे झाले. नावातही एक शिस्त आहे: तुमचा खास शब्द, आणि पुढे धंदा कसला ते सांगणारा शब्द. नुसतं 'गोडवा' चालत नाही, 'गोडवा बेकशॉप' लागतं.

हा कागद म्हणजे धंद्याचा परवाना नव्हे. तो घेऊन बारांगायचा दाखला, मग महापौरांचा परवाना, मग बीआयआर या कर खात्याकडे नोंदणी, अशी वरात निघते. महापौरांचा परवाना दरवर्षी २० जानेवारीच्या आत नवा करायचा असतो, त्यामुळे जानेवारीत नगरपालिकांत रांगा. आपल्याकडे गुमास्ता काढला की दुकानाचं नाव 'आपलं झालं' असं मानणारे भेटतात, तसे तिकडेही डीटीआयचा कागद फ्रेम करून भिंतीला लावून निश्चिंत होणारे आहेत. बँकेत धंद्याच्या नावाने खातं काढायला, साइटवर पैसे घ्यायचं पेमेंट गेटवे धंद्याच्या नावाने घ्यायला सहसा हा कागद लागतो. साइटचा पत्ता चालू ठेवायला त्याचा काडीचा उपयोग नाही.

डोमेनचं गाव वेगळं. ते सरकारकडून मिळत नाही, रजिस्ट्रारकडून, म्हणजे डोमेन नोंदवून देणाऱ्या कंपनीकडून भाड्याने मिळतं, बहुधा वर्षाच्या बोलीने. आतेंचं डोमेन डॉट कॉम होतं. डॉट पीएच देशाचं आहे, १९९० पासूनचं, म्हणजे फिलिपिन्स १९९४ च्या मार्चमध्ये इंटरनेटला जोडलं जायच्या साडेतीन वर्षं आधीचं. पण त्याचं भाडं डॉट कॉमपेक्षा बरंच जास्त, म्हणून छोटे दुकानदार डॉट कॉमच घेतात. डॉट पीएच घ्यायलाही डीटीआयचा कागद कुणी मागत नाही. मी नाशिकमध्ये बसून घेऊ शकतो. कुठलाही बारांगाय डोमेनला ठाऊक नाही, आणि धंदा कसला हेही ते विचारत नाही. मोकळं असेल, पैसे भरले, मिळालं.

डीटीआयच्या कागदावर आतेंचं नाव आहे. कागद हरवला, फोन बदलला, कुणी रागावून गेलं, तरी ओळखपत्र घेऊन त्या ऑफिसात उभ्या राहू शकतात. डोमेन मात्र, कागदोपत्री काहीही म्हणा, व्यवहारात एका ईमेलच्या इनबॉक्सचं असतं. तो इनबॉक्स ज्याच्या हातात, त्याच्या हातात डोमेन. आतेंचं डोमेन होतं त्यांच्या भाच्याच्या इनबॉक्समध्ये. पहिली साइट त्याने कॉलेजात असताना बनवून दिली होती. आता तो दुबईत नोकरीला.

रजिस्ट्रारने आठवण केली नाही असंही नव्हतं. डॉट कॉमसाठी नियमच आहे: मुदत संपायच्या साधारण महिनाभर आधी एक सूचना, आठवडाभर आधी दुसरी, आणि संपल्यावर पाच दिवसांत आणखी एक. तिन्ही वेळेवर गेल्या होत्या, पण भाच्याच्या त्या जुन्या पत्त्यावर, जो तो कधी उघडत नव्हता. कार्डही त्याचंच, आणि त्याचीही मुदत संपलेली, त्यामुळे आपोआप होणारं नूतनीकरण अडकलं.

दैव बरं, की डोमेन मुदत संपताच हातचं जात नाही. डॉट कॉमला रजिस्ट्रारच्या मर्जीनुसार ४५ दिवसांपर्यंत सवलत असते, त्यात नेहमीच्या भावात परत मिळतं. मग ३० दिवस असे, की मूळ मालकालाच सोडवून घेता येतं, पण दंड भरून, आणि तो दंड बोचतो. शेवटी पाच दिवस कुणाचंच काही चालत नाही, आणि मग ते बाजारात मोकळं. आम्ही चौदाव्या दिवशी होतो. त्या दुपारी बाकोलोदमध्ये दोन, नाशिकमध्ये साडेअकरा, दुबईत सकाळचे दहा. भाचा कामावरच्या सुट्टीत खात्यात शिरायचा कोड वाचून दाखवतोय, आते तो माझ्यासाठी इंग्रजीत परत म्हणतायत, आणि दोनदा मी तो टाकेपर्यंत कोडची वेळ संपली. तिसऱ्यांदा जमलं. पैसे आतेंनी जीकॅशने, म्हणजे तिकडच्या मोबाइल पाकिटातून, भाच्याला पाठवायचं म्हटलं, तो नको म्हणाला.

ते खरंच बाजारात मोकळं झालं असतं आणि भलत्याने उचललं असतं, तर डीटीआयचा कागद कामी आला असता का? आतेंनी हे विचारलंच. फार नाही. परक्याने बदहेतूने नाव लाटलं अशी आंतरराष्ट्रीय तक्रार करायची, तर ट्रेडमार्कवरचा हक्क दाखवावा लागतो. फिलिपिन्सच्या २०१२ च्या सायबर कायद्यात असं नाव बळकावणं हा गुन्हा आहे, पण तिथेही आधार प्रामुख्याने नोंदलेल्या ट्रेडमार्कचा किंवा माणसाच्या स्वतःच्या नावाचा. ट्रेडमार्कची नोंदणी होते तिसऱ्याच ठिकाणी, आयपीओफिल या बौद्धिक संपदा कार्यालयाकडे, दहा वर्षांसाठी. तीन नावं, तीन खिडक्या, तीन मुदती. हे ऐकून आतेंनी एक मोठा उसासा पाठवला, म्हणजे उसाश्याची इमोजी.

डीटीआयला भरलेले ५३० पेसो वाया गेले नाहीत. मुदत जवळ आलीच होती, नाहीतरी भरायचे होते. भाच्याच्या इनबॉक्समधून डोमेन बाहेर काढणं मात्र बाकी होतं. आतेंनी सुचवलं, दुकानाचाच ईमेल टाकू या, आपल्या डोमेनवरचा, दिसायला छान. मी म्हटलं, आते, ती किल्ली आत ठेवून दार ओढून घेतल्यासारखी गत. डोमेन बंद पडलं की तो ईमेलही बंद, आणि 'बंद पडणार आहे' हे सांगणारं पत्र त्याच बंद पेटीत. शेवटी त्यांनी आपला कॉलेजच्या काळातला याहूचा पत्ता दिला, टोपणनाव आणि पुढे जन्मसाल असलेला. लाजत दिला. पण तो त्या रोज उघडतात.