खारं पाणी दिसलं की समुद्र? वाळवंटातल्या डायटमांचा घोळ

गच्चीवरच्या कुंड्यांना मुंग्या लागल्या म्हणून ठाणे स्टेशनजवळच्या एका दुकानातून डायटम मातीची पिशवी आणली. पिशवीवर निळ्या लाटा आणि खाली ठळक अक्षरांत ‘प्राचीन समुद्रातील जीवाश्म’. घरी आल्यावर चिमूटभर भुकटी थेंबभर पाण्यात कालवून सूक्ष्मदर्शकाखाली धरली, तर सगळीकडे बांबूच्या कांड्यांसारख्या नळ्या. ऑलॅकोसायरा! ही गोड्या पाण्यातली डायटम मंडळी. म्हणजे माती कुठल्यातरी आटलेल्या तळ्याची, आणि चित्र समुद्राचं.

हाच घोळ दर दोन-चार महिन्यांनी सोसायटीच्या ग्रुपवर येतो. सहारात पांढरी माती सापडली, तिच्यात डायटम निघाले, म्हणून तिथे समुद्र होता. पुढे हात जोडलेले.

डायटम म्हणजे काय, ते इथे उगाळत नाही. एकपेशीय शैवल, सिलिकाचं कवच, कुंकवाच्या करंड्यासारखा तळ आणि त्यावर बसणारं झाकण. समुद्रात असतात, तळ्यात असतात, ओल्या भिंतीवरही असतात. डायटमाईट, म्हणजे त्यांच्या कवचांची साचलेली पांढरी माती, आणि चुनखडीचा खडू यांतला फरक लिंबाचा रस सांगतो: खडू फसफसतो, डायटमाईट ढिम्म. (फळ्यावरचा खडू बहुधा जिप्समचा असतो, त्यावर रस पिळून मला कळवू नका.) गोल ते समुद्रातले आणि लांबट ते तळ्यातले, हेही सोडून द्या. स्टेफॅनोडिस्कस चांगला गोल असतो आणि तळ्यात राहतो.

चाडमधल्या बोडेलेच्या खोलगट भागातली पांढरी माती तर सरळच तळ्याची आहे. आफ्रिकेत पाऊस भरपूर होता त्या काळात, साधारण ११ ते ५ हजार वर्षांपूर्वी, तिथे चाड सरोवर पसरलेलं होतं. ऐन भरात त्याचं क्षेत्र साडेतीन लाख चौरस किलोमीटरच्या आसपास, म्हणजे अख्खा महाराष्ट्र त्यात बुडाला असता. आफ्रिकेच्या बाजूने उडून अटलांटिकमधल्या जहाजांवर पडणाऱ्या धुळीच्या पाच पुड्या डार्विनने एरेनबर्ग या जर्मन सूक्ष्मजीवतज्ज्ञाकडे तपासायला पाठवल्या होत्या. त्यात ६७ प्रकारचे सूक्ष्म अवशेष निघाले, आणि त्यांतले सूक्ष्मजीव दोन अपवाद सोडता सगळे गोड्या पाण्यातले. डार्विनने या धुळीवर १८४६ मध्ये लिहिलं. इतकी जुनी गोष्ट आहे ही.

पण खरी ठेच पुढे लागते, आणि ती चांगल्या वाचलेल्या माणसांनाही लागते. तळ्याच्या मातीत कधी कधी खाऱ्या पाण्यातले डायटम निघतात. मग ‘बघा, आम्ही म्हणत नव्हतो?’

अहो, मीठ ही काही समुद्राची मक्तेदारी नाही. तळ्याला बाहेर जायची वाट नसेल, तर नद्या पाण्याबरोबर खडकांतले क्षार आणतात, ऊन पाणी उडवून नेतं आणि क्षार मागे राहतात. लोणार बघा. समुद्र कुठे, बुलढाणा कुठे. तरी पाणी खारं. समुद्राच्या पाण्यात मात्र लिटरला साधारण ३५ ग्रॅम क्षार, आणि त्यांचं एकमेकांशी प्रमाण जगभर जवळपास सारखंच. वाळवंटी तळ्याचं तसं नसतं. चार ओली वर्षं आली की ते निवळतं, कोरडी आली की खारट होतं, आणि प्रत्येक तळ्याच्या क्षारांची चव वेगळी.

हे सगळं मातीच्या थरांत उमटतं. खाली ऑलॅकोसायरा, वर खाऱ्या पाण्याला सरावलेले डायटम, सगळ्यात वर मिठाचा पापुद्रा: हे आटत गेलेलं तळं. कॅम्पिलोडिस्कस नावाची खोगिरासारखी वाकलेली तबकडी यात सगळ्यात फसवी, कारण तिच्यातली क्लायपियस ही जात किनाऱ्यालगतच्या मचूळ पाण्यातही राहते आणि समुद्रापासून दूरच्या खाऱ्या तळ्यातही. म्हणून एकट्या डायटमला विचारू नये, त्याची संगत बघावी. रेडिओलॅरिया किंवा सिलिकोफ्लॅजेलेट हे सिलिकाचा सांगाडा असलेले दुसरे सूक्ष्मजीव सोबत असतील तर समुद्र. ते फक्त समुद्रातच असतात. कॅलिफोर्नियातल्या लोम्पोकची डायटम माती खरोखर समुद्रातली आहे, तिथे लाटा काढल्या तर माझी हरकत नाही.

ऐरोलीकडच्या खाडीत ओहोटीनंतर चिखलावर जी तपकिरी, सोनेरी साय दिसते, ती डायटमांचीच. तिचा थेंब आणि मासुंदा तलावाचा थेंब शेजारी ठेवून पाहा. खाडीतल्या नागमोडी गायरोसिग्माची एकदा ओळख झाली की पुन्हा गल्लत होत नाही. त्याच चिखलात फ्लेमिंगो पाय रोवून उभे असतात. सहारातल्या खाऱ्या तळ्यांच्या गाळात तर किनारी पाण्यातल्या शिंपल्याही सापडल्या आहेत. त्या तिथे पक्ष्यांच्या पायांना चिकटून पोचल्या असाव्यात असं मानतात. भरती लागली नाही, पाय पुरले.

घोळाचं मूळ मला इजिप्तच्या फायूममध्ये दिसतं. तिथल्या वादी अल-हितानमध्ये देवमाशांचे सांगाडे आहेत, सुमारे ४ कोटी वर्षांपूर्वीचे, अस्सल समुद्रातले. आणि त्याच फायूममध्ये कारून सरोवराच्या आसपास डायटमाईटचे पांढरे थर आहेत, काही हजार वर्षांपूर्वीच्या तळ्याचे. फोटो शेजारी-शेजारी छापले की देवमासा तळ्यात पोहायला लागतो.

पिशवीवरच्या लाटांवर मी मार्करने काट मारली आहे. ही भुकटी कोरडी असेल तरच मुंग्यांना त्रास देते आणि मी रोज कुंड्यांना पाणी घालतो, त्यामुळे मुंग्या मजेत आहेत.